बोनवायरचं कापड, न्यू जर्सीची भिंत

मार्च महिना अमेरिकेतल्या शाळांमध्ये 'युवा कला महिना' म्हणून पाळला जातो. १९६१ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात शाळांचे व्हरांडे आणि गावोगावची सार्वजनिक वाचनालयं मुलांच्या चित्रांनी भरून जातात. सहावी ते आठवीच्या, म्हणजे अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या कामात एक विषय हमखास भेटतो: आफ्रिकेतली वस्त्रकला. केंटेच्या रंगीत पट्ट्या, अदिंक्राचे ठसे, बोगोलानची काळी-पांढरी नक्षी. दुसऱ्या समाजाच्या कापडावरून केलेलं मुलांचं हे काम भिंतीवर लावावं का, आणि लावायचं तर कसं? दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणून त्या इथे दोघींच्या तोंडी घातल्या आहेत. भाची न्यू जर्सीतल्या शाळेत कला शिकवते. मावशीनं पुण्यात आयुष्यभर चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना मुलं बसवली, आणि सध्या ती भाचीकडे राहायला आली आहे.

मावशी : प्रदर्शन पाहिलं. मुलांच्या हाताला गुण आहे, यात शंका नाही. पण मी तुझ्या जागी असते तर निम्मी भिंत उतरवली असती.

भाची : निम्मी? कोणती, ते सांग.

मावशी : आधी वरची ती पाटी. 'आफ्रिकी वस्त्रं.' अगं, चोपन्न देशांचा खंड आहे तो. घानात मागावर विणलेलं केंटे, मालीत चिखलानं रंगवलेलं बोगोलान, नायजेरियात योरुबा बायकांनी कसाव्याची खळ लावून निळीत बुडवलेलं आदिरे, काँगोत राफियाच्या धाग्याचं कुबा. धागा वेगळा, रीत वेगळी, माणसं वेगळी. पैठणी, पटोळं आणि कांजीवरम शेजारी शेजारी टांगून वर 'आशियाई वस्त्रं' अशी पाटी लावली, तर तुला चालेल?

भाची : नाही चालणार. पाटी बदलते. प्रत्येक कामाखाली आधी लोक, मग गाव, मग देश. असांटे, बोनवायर, घाना. बामाना, बेलेदुगू, माली. योरुबा, अबेओकुटा, नायजेरिया. पण मावशी, हा दोष पाटीचा झाला. त्यासाठी मुलांचं काम कशाला उतरवायचं?

मावशी : काम उतरवायचं कारण पुढे आहे. त्या सहावीच्या कागदी पट्ट्या बघ. पिवळा, हिरवा, लाल कागद कापला, एकाखालून एक ओवला आणि खाली लिहिलं 'केंटे'. बोनवायरचा विणकर काय करतो, हे त्या मुलांना ठाऊक आहे का? कुमासीजवळचं ते गाव. माग अरुंद, विणून निघणारी पट्टी जेमतेम चार इंच रुंदीची. ताण्याचे धागे विणकरापुढे लांबवर पसरलेले आणि त्यांचं टोक एका वजनदार दगडाला बांधलेलं. जसजसं विणून होतं तसतसा तो दगड सरकत सरकत विणकराकडे येतो. दोऱ्या पायाच्या बोटांत धरायच्या आणि त्यांनीच धागे वर-खाली करायचे. अशा वीस-पंचवीस पट्ट्या विणून कडेला कड शिवल्या, की पुरुषाच्या अंगावरचं एक कापड होतं. हे एवढं सगळं चाळीस मिनिटांच्या तासात कागदात उरकलं, तर मुलाला काय कळलं? केंटे म्हणजे भडक रंग, एवढंच.

भाची : सहावीच्या पट्ट्यांबद्दल तुझं म्हणणं मान्य. पण सातवीचं काम तू नीट पाहिलंस का? त्यांनी पुठ्ठ्याला खाचा पाडून माग केले, लोकरीचा ताणा ओढला आणि हातभर लांबीची एकेक पट्टी विणली. केंटेत मजा कशात असते, सांगू? एका तुकड्यात ताणा दिसतो, उभ्या रेघा. पुढच्या तुकड्यात बाणा इतका दाट बसतो की ताणा पूर्ण झाकला जातो आणि आडव्या रंगाचा ठोकळा उठतो. असांटे विणकर धागे उचलायच्या दोऱ्यांच्या दोन जोड्या आलटून पालटून वापरतो. एक जोडी सुटे धागे उचलते, दुसरी धाग्यांचे गट उचलते, म्हणून हे साधतं. मुलांनी तेच पुठ्ठ्यावर करून पाहिलं. एक एक धागा उचलला की साधी वीण, सहा-सहाचा गट उचलला की ठोकळा. ज्या मुलाचा ठोकळा वाकडा आला, त्यानं उसवून धागे पुन्हा मोजले. त्याला आता खऱ्या केंटेसमोर उभं कर. तो रंग बघत बसणार नाही, वीण बघेल.

मावशी : हे मात्र शिकणं झालं. पण तुझ्या भिंतीवर यातलं काय दिसतं? पट्टी चौकटीत, काचेमागे. उसवलेला तुकडा कुठे आहे? पुठ्ठ्याचा माग कुठे आहे? पाहणाऱ्याला सहावीची कागदी पट्टी आणि सातवीची विणलेली पट्टी यांतला फरक दुरून कळत नाही.

भाची : हं. माग टेबलावर ठेवते, अर्धी विणलेली पट्टी त्याच्यावर तशीच राहू देते. चौकटी काढून टाकते, म्हणजे पट्टीची मागची बाजूही बघता येईल.

मावशी : आता मोठा आक्षेप. तो आठवीचा अदिंक्राचा ठसेकामाचा तक्ता. घानातल्या न्तोन्सो गावात ते कापड कसं होतं? भोपळ्याच्या वाळक्या कवटीतून ठसा कोरतात, झाडाची साल कुटून उकळून उकळून दाट काळा रंग करतात, फणीसारख्या काडीनं कापडावर रेघांचे चौकोन आखतात आणि एकेका चौकोनात ठसा उठवतात. हे कापड मुळात सुतकाचं, अंत्ययात्रेला नेसायचं. बोगोलानही तसंच. ते शिकाऱ्याच्या अंगावर असायचं, बाळंतिणीच्या अंगावर असायचं. राखण करणारं कापड होतं ते. एका समाजानं मृत्यूच्या आणि दुसऱ्यानं जन्माच्या वेळी अंगावर घेतलेली नक्षी आपण व्हरांड्यात शोभेला लावायची? वारलीचं आपण काय केलं, ते आठव. लग्नघरात भिंतीवर चौक लिहायचा, तो सवाष्णींनी, त्यात पालघट देवी, लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी. आणि मी स्वतः पुण्यातल्या किती शाळांत पाहिलंय: त्रिकोणावर त्रिकोण, तारप्याभोवती गोल, झालं वारली. पिशव्यांवर, कपांवर, हॉटेलच्या भिंतीवर. चौक म्हणजे काय, हे काढणाऱ्याला माहीत नाही.

भाची : पण वारली समाजातल्याच जिव्या सोमा म्हशे यांनी ती कला १९७० च्या दशकात कागदावर आणली ना? लग्नाच्या चौकाबाहेर, रोज, बाईच्या नव्हे, पुरुषाच्या हातानं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कला घराच्या भिंतीवरून हलली म्हणून मेली नाही, उलट जगली.

मावशी : हलवली कुणी? ज्यांची होती, त्यांनी. निवड म्हशे यांची होती. तुझ्या आठवीतल्या मुलाची नाही.

भाची : हे बोलणं बिनतोड आहे. पण मग घानातल्या लोकांनी काय निवडलंय, तेही बघायला हवं. अदिंक्राची चिन्हं आज तिथे सुतकापुरती राहिलेली नाहीत. चर्चच्या भिंतींवर आहेत, विद्यापीठांच्या बोधचिन्हांत आहेत, दागिन्यांत, खुर्च्यांच्या पाठींवर आहेत. घानाचे पंतप्रधान क्वामे न्क्रुमा १९५८ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर आले तेव्हा केंटे पांघरून वावरले. साऱ्या जगानं ते कापड पाहिलं. डिसेंबर २०२४ मध्ये घानानं केंटे विणण्याची कारागिरी युनेस्कोच्या यादीत नोंदवून घेतली. लपवायच्या गोष्टीची कुणी अशी नोंद करत नाही. आणि बोगोलानचं सांगायचं तर, मालीचे फॅशन डिझायनर क्रिस सेदू यांनी ते पॅरिसपर्यंत नेलं.

मावशी : नेलं, पण कसं नेलं? परंपरेनं रंगवलेल्या कापडाला कात्री लावायला त्यांचं मन धजत नसे. त्यांनी त्या नक्षीवरून स्वतःचं नवं कापड बेतलं आणि ते कापलं. मालीच्या माणसाला आपल्याच कापडाबद्दल एवढा संकोच होता. तुझ्या वर्गात तो संकोच कुठे आहे, एवढंच मी विचारते.

भाची : तो शिकवता येतो. बोगोलान आम्ही पोस्टर रंगानं केलंच नाही. मांजरपाटाचं फडकं घट्ट काळ्या चहात भिजवलं, वाळवलं आणि त्यावर लोहाच्या पाण्यानं रेघ ओढली. रेघ ओढताना फिकी असते, बघता बघता काळी पडते. मालीत चहाऐवजी न्गलामाचा पाला असतो, आपल्या धावड्याच्या जातकुळीतलं झाड. पाल्यात भिजून कापड पिवळं होतं. मग नदीतला गाळ मडक्यात महिनोन् महिने मुरवून त्यानं बायका रंगवतात. पाल्यातलं टॅनिन आणि गाळातलं लोह एक होऊन काळा रंग धाग्यात बसतो. आणि नक्षी त्या काढतच नाहीत, नक्षीच्या भोवतालची जागा काळी करतात. मग उरलेल्या पिवळ्या जागेचा रंग उडवला की नक्षी पांढरी उठते. मुलांना हे उलटं काम फार अवघड गेलं. तासाला नेहमी गलका असतो, त्या दिवशी नव्हता. एक चूक झाली की रंग परत निघत नाही, हे कळल्यावर हात आपोआप जपून चालतो. संकोच म्हणजे आणखी काय असतो मावशी?

मावशी : हे मला पटलं. रेघ काळी पडताना ज्यानं पाहिली, तो त्या बायकांच्या कामाला सोपं म्हणणार नाही. पण ठशाच्या तक्त्याचं काय? तिथे मुलांनी तयार चिन्हांची यादी घेतली आणि आवडेल ते चिन्ह उठवलं. त्यात त्यांचं स्वतःचं काय?

भाची : नक्कल करतच शिकतात सगळे. बोनवायरचा मुलगाही आधी मोठ्यांचं पाहूनच विणतो. आणि कापड तर कधीच एका जागी बसलेलं नाही. पश्चिम आफ्रिकेच्या बाजारात जे 'आफ्रिकन प्रिंट' म्हणून ओळखलं जातं, ते मेणछाप कापड मुळात जावाच्या बाटिकची नक्कल. नेदरलँड्समधल्या हेल्मोंडची व्लिस्को कंपनी १८४६ पासूनची. तिचं कापड आफ्रिकेतल्या बायकांनी आपलंसं केलं, नक्षींना आपली नावं दिली. नायजेरियात नायजर नदीच्या मुखाकडे कालाबारी लोक आहेत. त्यांच्या समारंभात मानाचं कापड कोणतं? मद्रासच्या चौकड्यांचं सुती कापड, आपल्याकडून जहाजानं गेलेलं. शुद्ध, फक्त आमचं, असं कापड शोधायला गेलीस तर हाती काही लागणार नाही.

मावशी : कालाबारींचं नाव काढलंस ते बरं झालं. त्या बायकांनी मद्रासी चौकडा नुसता गुंडाळला नाही. त्यातले ठरावीक धागे पात्यानं कापून, ओढून काढले. काही चौकटी विरळ झाल्या, काही तशाच राहिल्या, आणि जुन्या चौकड्यातून नवी नक्षी उठली. विणकर मद्रासचा, पण ते कापड कालाबारींचं झालं, कारण त्यावर त्यांनी विचार केला, हात चालवला. मुलांकडून मी तेवढंच मागते. उसनं घे, अभ्यास कर, मग तुझं असं काहीतरी त्यात आण. तेवढं असेल तर खुशाल भिंतीवर लाव. नसेल तर तो वहीतला सराव. वही जपून ठेवावी, पण तिचं प्रदर्शन करू नये.

भाची : म्हणजे ठशाचा तक्ता उतरवायचा?

मावशी : नाहीतर मुलांना स्वतःची चिन्हं कोरू दे. बटाट्यावर, खोडरबरावर, कशावरही. न्तोन्सोची रीत घ्यायची: आखलेले चौकोन, एका चौकोनात एकच ठसा, पुन्हा पुन्हा. चिन्ह मात्र ज्याचं त्याचं.

भाची : इथे मी पूर्ण तुझ्या बाजूनं नाही. मूळ चिन्ह हातानं कोरल्याशिवाय त्याची बांधणी कळत नाही. मी दोन्ही लावीन. मूळ चिन्ह 'अभ्यास' म्हणून, न्तोन्सोचं नाव देऊन. शेजारी मुलाचं स्वतःचं.

मावशी : बरं. पण विकायचं नाही. गेल्या वर्षी एका शाळेत अशाच नक्षीच्या पिशव्या मदतनिधीसाठी विकायला ठेवल्या होत्या, असं तूच म्हणालीस. घानाच्या २००५ च्या कॉपीराइट कायद्यात लोककलेला संरक्षण आहे, त्याआधीच्या १९८५ च्या कायद्यातही होतं. तो कायदा न्यू जर्सीत चालतो की नाही, हा वकिलांचा प्रश्न. पण गिरणीत छापलेल्या स्वस्त नकली केंटेनं हातमागाच्या विणकराचं पोट मारलंय, हे तर उघड आहे. त्यात शाळेनं भर घालू नये.

भाची : एकमत. उलट शाळेच्या पैशानं बोनवायरच्या विणकराची एक पट्टी विकत आणू आणि मुलांच्या कामाच्या आधी ती लावू. पाहणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिच्यावर जावी. आणि टांगायची सैल, घड्या पडतील अशी. एल अनात्सुई यांचं काम तू पाहिलं आहेस. जन्म घानाचा, आयुष्याचा मोठा भाग नायजेरियात गेला. बाटल्यांची चपटी केलेली झाकणं तांब्याच्या तारेनं जोडून भिंतभर कापडासारखं काम करतात. त्यांचं 'मॅन्स क्लॉथ' ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि २०१५ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकात त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. घड्या कशा पाडायच्या, हे ते मांडणाऱ्यावर सोपवतात. मीही ते मुलांवर सोपवणार आहे. इथल्या २०१४ च्या राष्ट्रीय कला मानकांत निर्मितीच्या जोडीला 'मांडणी' हाही एक भाग आहे. काय लावायचं, कुठे लावायचं, खाली काय लिहायचं, हे मुलांनीच ठरवायचं.

मावशी : आणि एक गोष्ट जपायची. तुझ्या वर्गात घानाच्या घरातली मुलं आहेत. उद्घाटनाच्या दिवशी त्यांना पुढे उभं करून 'आता तू सांग केंटेबद्दल' असं कुणी म्हणू नये. बारा वर्षांच्या पोरानं अख्ख्या खंडाचा वकील का व्हावं? आपल्या मराठी मुलांनाही इथे दर दिवाळीला हेच करावं लागतं. मूल आपणहून बोललं तर ऐकावं.

भाची : आई-वडील हौसेनं आले, घरचं कापड घेऊन आले, तर?

मावशी : तर त्यांना खुर्ची द्यावी, वेळ द्यावा आणि खाली त्यांचं नाव घालावं. पाहुणे म्हणून बोलवावं, नमुना म्हणून नव्हे.

भाची : मग एक माझंही ऐक. माझ्या वर्गात मराठी, कन्नड, गुजराती मुलंही आहेत. त्यांना आफ्रिका फार लांबची वाटते. त्यांच्यासाठी पुढच्या वर्षी मी सिद्दींची कवंदी आणणार आहे. उत्तर कन्नडात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवतात. आपल्या गोधडीसारखाच धावदोरा, पण सुरुवात कडेपासून, आणि फिरत फिरत मध्यापर्यंत. चारी कोपऱ्यांत घडी घातलेले छोटे त्रिकोण बसवल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत.

मावशी : आण. मलिक अंबर इथिओपियात जन्मला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला, हे आपल्या मुलांना पुस्तकातून कळतं. त्याच समुद्रावरून आलेल्या लोकांच्या लेकी-सुना आज काय शिवतात, हेही कळू दे. फक्त पाटीवर 'सिद्दी बायका' एवढंच नको. शिवणारीची परवानगी असेल तर तिचं नाव घाल.

दोघींचं सगळ्याच बाबतीत जुळलं नाही, आणि जुळायला हवं असंही नाही. मूळ चिन्हाची नक्कल भिंतीवर लावावी का, यावर प्रामाणिक शिक्षकांचं यापुढेही दुमत राहील. माझा कौल भाचीच्या बाजूनं आहे, पण मावशीच्या अटींवर. मुलांचं काम जरूर लावावं. ज्या शाळेच्या भिंतीवर फक्त युरोपातले चित्रकार दिसतात, तिथली मुलं बाकीच्या जगाच्या हातांना कमी लेखायला शिकतात. आणि हे शिकवण्यासाठी शिक्षकाला एक शब्दही बोलावा लागत नाही. मात्र लावताना समाजाचं आणि गावाचं नाव आधी यावं, मुलाचं नंतर. काम कसं केलं ते दिसावं. खऱ्या कारागिराच्या हातचा निदान एक तुकडा शेजारी असावा, त्याचे पूर्ण पैसे मोजलेले असावेत. नक्षी विकू नये. आणि मुलाच्या कामात त्याचा स्वतःचा निदान एक निर्णय असावा.

अमेरिकेतल्या मराठी पालकांना विनंती आहे: शाळेत असं प्रदर्शन लागलं तर जा, आणि 'किती छान' म्हणून पुढे सरकू नका. हे कुठल्या गावचं, कुणाचं, कसं करतात, हे आपल्या मुलाला विचारा. त्याला सांगता आलं तर ते प्रदर्शन सार्थकी लागलं. आणि महाराष्ट्रातल्या चित्रकला शिक्षकांनो, पुढच्या वेळी फळ्यावर वारली काढण्याआधी चौकाबद्दल बोला, जिव्या सोमा म्हशे यांचं नाव सांगा, पालघर-डहाणूकडची एखादी चित्रकर्ती वर्गात बोलवा आणि तिला मानधन द्या. बोनवायरच्या विणकराला जो मान मिळावा असं आपल्याला वाटतं, तो आधी आपल्या शेजाऱ्याला द्यायला हवा.